जुनी गाडी, नवे इंजिन

बैल थकला म्हणून कोणी बैलगाडी मोडून सरपण करीत नाही. बाजारात जाऊन दुसरा बैल आणतात आणि गाडी चालू ठेवतात. पण जाणता शेतकरी बाजारात नुसता बैल पाहत नाही. आपली गाडी किती जड, जू किती उंच, रस्ता चढाचा की सपाटीचा, जोडीला उरलेला बैल कसा, हे सारे मनात धरून तो दावणीपुढे उभा राहतो. खिल्लार जनावर देखणे आणि चपळ खरे. पण अकोले-इगतपुरीच्या पावसात, चिखलातून ओझे ओढायचे म्हटले की तिकडचा माणूस डांगी बैलच पसंत करतो. डांगी संथ असतो, पण नेटाचा असतो.

श्रोतेहो, मोटारगाडीच्या बाबतीत हाच प्रश्न आज कितीतरी घरांतून पडतो. पंधरा-वीस वर्षे राबलेली एक गाडी दारात उभी असते. पुढे दोघा-तिघांची बैठक, मागे उघडा हौदा. हिलाच पिकअप म्हणतात. हौद्यात माल आणि मागे आकडा लावून ट्रॉली, असे दुहेरी काम तिने केलेले असते. सांगाडा अजून धड आहे, चाके-स्प्रिंगा ठीक आहेत, पण इंजिन धूर ओकते, ऑइल पिते आणि घाटात मान टाकते. आता काय करायचे? गाडी विकावी, इंजिनाचे काम काढावे, की दुसरेच इंजिन घालावे? आणि घालायचे तर कोणते? गॅरेजवाले चार जण चार सल्ले देतात. या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मोठा मनोरंजक आहे. तो ठाऊक असला म्हणजे त्या चार सल्ल्यांतला कोणता ऐकायचा, हे ठरवणे थोडे सोपे जाते.

पिकअप ही मूळची अमेरिकेतल्या शेतकऱ्याची गाडी. आरंभी लोक साध्या मोटारीचा मागचा भाग कापून तिथे घरीच लाकडी खोका ठोकीत. हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यातूनच मागे लोखंडी हौदा बसवून दिला. किंमत २८१ डॉलर, इंजिन २० घोडाशक्तीचे. आजच्या हिशेबाने ही ताकद हसण्यासारखी आहे, पण ती गाडी शेतातून दुधाचे कॅन, धान्य, वेळप्रसंगी डुकरेही वाहून नेई. पुढे तिसाव्या दशकात मंदी आली. नवी गाडी घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा फोर्डच्या विक्रेत्याकडे आपले झिजलेले इंजिन द्यायचे, वर काही रक्कम भरायची आणि कारखान्यात पुन्हा बांधलेले इंजिन घेऊन यायचे, अशी सोय झाली. म्हणजे इंजिन बदलणे हा काही गरीब देशातल्या मिस्त्रीने काढलेला जुगाड नव्हे. ज्या कंपन्या गाड्या बनवीत, त्याच हे काम करीत होत्या.

मात्र त्यात जुन्या जागी त्याच जातीचे इंजिन बसे. खरा पेच पडतो तो जात बदलायची म्हटली म्हणजे. पेट्रोलच्या जागी डिझेल घालायचे, तर काय होते?

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. शिक्षकमंडळींना ती फळ्यावर सांगता येईल. इंजिनाच्या जाहिरातीत घोडाशक्ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पण घोडाशक्ती म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: दांडा फिरवण्याचा जोर किती आणि मिनिटाला फेऱ्या किती. जोर कमी पण फेऱ्या भरपूर, तरी घोडाशक्ती मोठी दिसते. जोर जास्त पण फेऱ्या थोड्या, तर ती लहान दिसते. रिकाम्या गाडीला पळायला पहिला प्रकार चालतो. भरलेली ट्रॉली मागे असताना चढावर गाडी उभी राहिली आणि तिथून ती हलवायची आहे, तेव्हा मिनिटाला चार हजार फेऱ्यांची ऐट कोणाच्या कामाची? तिथे फेऱ्या थोड्या असतानाच दांड्याला जोर हवा. मळ्यातल्या विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन आठवा. धप्, धप्, धप् असे निवांत चालते, जणू त्याला कसलीच घाई नाही. पण पाण्याचा भरलेला नळ दिवसभर वर ढकलीत राहते. ते डिझेल जातीचेच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापावी, आणि मग तीत तेलाचा फवारा सोडायचा. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा आपल्या मूळ आकाराच्या सातव्या हिश्शाइतकी दाबली जाई. डिझेलमध्ये ती पंधराव्या, विसाव्या हिश्शापर्यंत दाबतात. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघते. पण हा दाब सोसायचा तर ओतीव जाड हवे, दांडा जाड हवा, बोल्ट भक्कम हवेत. म्हणून ते जड होते. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले खरे, पण ते माणसाहून उंच धूड होते. पुढची बरीच वर्षे हे इंजिन मुख्यतः कारखान्यात आणि जहाजावरच राहिले. मोटारीत घालण्याइतके ते लहान व्हायला तेल मोजून, वेळ साधून फवारणारा चांगला पंप लागत होता. बॉशच्या कारखान्यातून असे पंप १९२७ पासून निघू लागले.

आता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस या लहान गावी जाऊ. तिथे क्लेसी कमिन्स नावाचा एक गृहस्थ होता. शाळा आठवीपर्यंत. आयर्विन नावाच्या एका सावकार-पेढीवाल्याच्या मोटारीवर तो चालक आणि मिस्त्री म्हणून कामाला लागला. मालकाने त्याची हुशारी ओळखली आणि १९१९ साली त्याला इंजिनाचा कारखाना काढून दिला. शेतावरची लहान तेल-इंजिने करायची आणि एका मोठ्या टपाली दुकानामार्फत ती विकायची, असा बेत होता. त्या दुकानाची शर्त अशी की पसंत नसेल तर माल परत करा. पुष्कळ शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरले आणि हंगाम संपताच परत धाडले! शेतकरी कोणत्याही देशाचा असो, हिशेबाला पक्का. कारखाना मात्र जवळजवळ बुडाला. दहा वर्षे आयर्विन त्यात पैसा ओतीत राहिला. १९२९ साली शेअरबाजार कोसळला, तेव्हा हे खटले आता बंद करावे अशी वेळ आली.

त्या वर्षीच्या नाताळात क्लेसीने एक युक्ती केली. त्याने एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिचे पेट्रोल इंजिन काढले आणि तिथे आपले चार सिलिंडरचे डिझेल बसवले. नाताळच्या दिवशी मालकाला तीत बसवून फेरी मारून आणली. आयर्विन खूष झाला आणि कारखाना वाचला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३० मध्ये, क्लेसी हीच गाडी चालवीत इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनाला गेला. सुमारे आठशे मैलांच्या त्या प्रवासाला एकूण १ डॉलर ३८ सेंटचे तेल लागले. वर्तमानपत्रांतून ही बातमी गाजली. ध्यानात घेण्यासारखे हे की नव्या इंजिनाची परीक्षा जुन्या गाडीत झाली. गाडी जुनी नसती, तर एवढा खर्च करून तो प्रयोग कोण करता?

अमेरिकेत हे चालले असताना इंग्लंडमध्ये पीटरबरो गावी फ्रँक पर्किन्स आणि चार्ल्स चॅपमन या दोघांनी १९३२ साली एक कंपनी काढली. त्यांचा विचार सरळ होता. रस्त्यावर पेट्रोलवर चालणाऱ्या मालगाड्या भरपूर आहेत. त्यांचे मालक इंधनाच्या खर्चाने बेजार आहेत. तेव्हा त्याच गाड्यांच्या पोटात, त्याच जागी बसेल असे हलके, वेगाने फिरणारे डिझेल इंजिन आपण करावे. म्हणजे ही कंपनी गाडी बनवीत नव्हती, दुसऱ्याच्या गाडीला इंजिन पुरवीत होती. त्यांचे १९३७ साली आलेले 'पी-६' इंजिन जगभर गेले. त्यात एक शहाणपण होते. पी-३, पी-४ आणि पी-६ या तिन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास एकच, साडेतीन इंच. दट्ट्याची धावही एकच, पाच इंच. फरक फक्त सिलिंडरांच्या संख्येचा. एक पिस्टन तिघांना चाले. आडगावच्या मिस्त्रीला याचे मोल विचारा! इंजिन चांगले की वाईट हे पुष्कळदा त्याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो की नाही यावर ठरते.

हेच पर्किन्स इंजिन मद्रासला सिम्प्सन कंपनी बनवू लागली, आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या डॉज-फार्गो ट्रकांत ते बसू लागले. मूळ अमेरिकन ट्रक पेट्रोलचा, आपल्याकडे त्याचे पोट डिझेलचे झाले. घाटातून मालवाहतूक करणाऱ्यांना हा बदल किती उपकारक झाला हे त्या काळचे ट्रकवाले सांगत.

आता आपण जीपगाडीकडे येऊ. कारण महाराष्ट्राच्या खेड्यात ओढण्याचे काम मोटारीने जर प्रथम कोणी केले असेल, तर ते जीपने. १९४५ साली निघालेल्या महिंद्र कंपनीने चाळिसाव्या दशकाच्या अखेरीस माझगावला अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप जुळवायला आरंभ केला. पुढे जी उंच नाकाची जीप आपल्याकडे सरकारी कचेरीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे दिसू लागली, ती विलीजची १९५३ ची 'सीजे-३बी'. हिचे नाक उंच का, हे कधी मनात आले आहे? युद्धातली मूळ जीप तर नाकाने बसकी होती.

कारण इंजिन. जुने इंजिन ६० घोडाशक्तीचे. त्याच आकारमानाचे, पण झडपांची मांडणी बदललेले 'हरिकेन' नावाचे इंजिन विलीजने तयार केले. ताकद सत्तरच्या वर गेली, पण झडपांची एक रांग डोक्यावर गेल्याने इंजिन उंच झाले. जुन्या सांगाड्यात ते उभे राहीना. नवा सांगाडा न करता जुन्याचेच बॉनेट उचलून उंच केले. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने जी जीप 'नवी' म्हणून पाहिली, तीच मुळात जुन्या गाडीत नवे इंजिन कोंबल्याची गोष्ट आहे, आणि तिचे उंच नाक ही तिची खूण. इंजिनाला जागा हवी. ती नसेल तर गाडीलाच आकार बदलावा लागतो.

ही जीप पेट्रोलवर होती तोवर स्वस्ताईत ठीक चालले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले, तेल-उत्पादक देशांनी भाव वाढवले आणि चार महिन्यांच्या आत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. पेट्रोलची जीप पाळणे म्हणजे दारात हत्ती बांधणे झाले. तेव्हा महिंद्र कंपनीला उत्तर सापडले ते आपल्याच घराण्यात. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या 'बी-२७५' ट्रॅक्टरचे इंजिन चार सिलिंडरचे, साधारण २,३५० घनसेंटिमीटरचे. जीपचे पेट्रोल इंजिन २,२०० चे. आकार जवळचा, सुटे भाग देशात मिळणारे, आणि ते हाताळणारा मिस्त्री गावोगाव. सत्तराव्या दशकाच्या मध्यास या ट्रॅक्टर-इंजिनावरून केलेले डिझेल जीपमध्ये आले. शेतातले इंजिन उचलून रस्त्यावरच्या गाडीत घातले!

घोडाशक्ती मात्र पेट्रोलच्या मानाने बरीच कमी झाली. आवाज वाढला, सुकाणू थरथरू लागले, बोलायचे तर ओरडावे लागे. ऐटीत फिरणाऱ्यांनी नाके मुरडली. पण ज्याला ट्रॉली ओढायची होती त्याने तक्रार केली नाही. आता वेग का कमी झाला याचा हिशेब पाहू. हा सातवी-आठवीच्या मुलांना घालण्याजोगा आहे. सीजे-३बी जीपच्या आसातल्या दातेरी चाकांचे प्रमाण ५.३८ ला १. म्हणजे सरळ गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या घेते, तेव्हा गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर पळायला हवी. आता एखादे डिझेल २,४०० फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही असे धरा. त्याच आसावर वेग येतो ताशी ६० किलोमीटर. मग कोणी म्हणेल, आसाचे प्रमाण बदलून ४.३ करा. केले, तर वेग ७५ होईल. पण चाकावर पोचणारी ओढ पाचव्या हिश्शाने घटेल! एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने दिले. ज्याची ट्रॉली घाटातली आहे त्याने काय करावे आणि ज्याची सपाटीवरची आहे त्याने काय, याचे उत्तर एक नाही. इंजिन विकणारा हा हिशेब सांगत नाही, आपणच तो मांडावा लागतो.

पुढे १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि इगतपुरीच्या कारखान्यात 'एक्स-डी-पी ४.९०' हे डिझेल तयार होऊ लागले. नावातला चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. हे ट्रॅक्टरच्या वंशाचे नव्हते, मोटारीच्या वंशाचे होते. हलके, जास्त फेऱ्यांचे आणि साठाच्या वर घोडाशक्तीचे. जीप पुन्हा पळू लागली. जाता जाता सांगतो, इंजिन बदलणे इगतपुरीला नवे नव्हते. १९३० मध्ये मुंबईकडून विजेची रेल्वे तिथवर पोचली, तेव्हापासून थळ घाट चढून आलेल्या आगगाडीचे विजेचे इंजिन तिथे काढून पुढच्या प्रवासाला वाफेचे जोडीत. ३७ फुटांना एक फूट अशा त्या चढावर मागून ढकलायलाही इंजिने लागत.

इकडे ही घडामोड चालली असता, अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर काढून दाखवले. जनरल मोटर्सने तेलटंचाईला तोंड द्यायला १९७८ च्या गाड्यांत, हलक्या पिकअपमध्येसुद्धा, ओल्ड्समोबिल विभागाचे ५.७ लिटरचे डिझेल घातले. कारखान्यातली यंत्रे बदलावी लागू नयेत म्हणून त्याची ठेवण पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. ओतीव जाड केले, हे खरे. पण डोके आवळून धरणारे बोल्ट तितकेच आणि त्याच जागी राहिले. आता दाब विसाच्या वर गेलेला! बोल्ट ताणले जाऊ लागले, गॅस्केट फुटू लागले, पाणी सिलिंडरमध्ये शिरू लागले. त्यातच तेलातले पाणी वेगळे करणारे भांडेही सुरुवातीला दिलेले नव्हते. तेव्हाचे डिझेल पुष्कळदा पाणीमिश्रित असे. ते पंपात जाऊन पंप गंजत. १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले. कितीतरी मालकांनी ते उपसून काढून त्याच जागी साधे पेट्रोल इंजिन घातले. ठेवण तीच असल्याने ते मात्र सहज बसले! या एका फसलेल्या इंजिनाने अमेरिकेतल्या लोकांच्या मनातून डिझेल मोटार पुढली कित्येक वर्षे उतरवली. माझ्या मते दोष डिझेलचा नव्हता, चार बोल्टांची काटकसर करणाऱ्या हिशेबाचा होता.

मग तिथे बरोबर उत्तर कोठून आले? शेतातूनच. फोर्डने १९८३ मध्ये आपल्या पिकअपला ६.९ लिटरचे डिझेल दिले, ते बनवले होते इंटरनॅशनल हार्वेस्टरने. होय, आपल्या जीपला ट्रॅक्टरचे इंजिन ज्या घराण्यातून आले तेच हे घराणे. आणि डॉजची गोष्ट तर आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. १९८० च्या सुमारास कमिन्स कंपनीने ट्रॅक्टर बनवणाऱ्या केस कंपनीबरोबर नॉर्थ कॅरोलिनात कारखाना काढला आणि शेती व बांधकामाच्या यंत्रांसाठी 'बी' मालिकेची इंजिने केली. त्यातले सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे इंजिन डॉजने १९८९ च्या पिकअपमध्ये घातले. त्या पिकअपचा सांगाडा १९७२ चा होता! सतरा वर्षांची म्हातारी गाडी, विक्रीत तिसऱ्या नंबरवर रेंगाळणारी.

आकडे पाहा. डॉजचे पेट्रोल इंजिनही ५.९ लिटरचेच होते आणि त्याची घोडाशक्ती डिझेलपेक्षा जास्त होती. डिझेलला घोडाशक्ती होती फक्त १६०. पण फिरवण्याचा जोर ४०० पौंड-फूट, आणि तोही मिनिटाला दोन हजारांहून कमी फेऱ्यांवर. गुरांची, घोड्यांची, गवताची ट्रॉली ओढणाऱ्यांनी हा आकडा बरोबर वाचला आणि गाडीवर उड्या पडल्या. इंजिनाचे वजन मात्र अर्ध्या टनाच्या घरात. म्हणून पुढचे स्प्रिंग बळकट करावे लागले, आस भक्कम द्यावे लागले, रेडिएटर मोठा घ्यावा लागला. तरी एक दुवा कच्चा राहिलाच. आपोआप बदलणारी जी गिअरपेटी त्या इंजिनाला पहिली एक-दोन वर्षे जोडली, ती तीन गिअरची आणि पेट्रोलच्या काळातली होती. नेटाच्या बैलाला जुनाट जू. जास्त ओझ्याखाली इंजिन शाबूत राही आणि पेटी तापून निकामी होई, अशी त्या गाड्यांची ख्याती झाली. पुढे कंपनीने ओव्हरड्राइव्हची चार गिअरची पेटी दिली.

कमिन्सचे नाव आपल्याला परके नाही. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली आणि कोथरूडला तिचा कारखाना उभा राहिला. जमशेदपूरला टाटा-कमिन्सच्या कारखान्यात याच बी मालिकेची इंजिने ट्रकांसाठी तयार झाली. इंडियानातल्या त्या आठवी शिकलेल्या मोटारचालकाचे नाव आपल्या रस्त्यांवरच्या ट्रकांवर लिहिलेले असते.

आता दारातल्या त्या जुन्या पिकअपकडे वळू. आधी हे ठरवावे की इंजिन बदलायलाच हवे का. नुसता बोअर झिजला असेल तर लायनर-पिस्टन नवे घालून, क्रँक घासून इंजिन पुन्हा उभे राहते. ओतीवच तडकले असेल तर 'हाफ इंजिन' मिळते का पाहावे, म्हणजे खालचा अर्धा भाग नवा आणि वरचे आपले. गाडी जर फक्त ओझ्याने दमत असेल आणि इंजिन निरोगी असेल, तर दुखणे वेगळे आहे: ट्रॉली गाडीच्या कुवतीबाहेरची आहे. इंजिन वाढवून ब्रेक वाढत नाहीत, हे लोक विसरतात. चढ चढवणारे इंजिन मिळेल, पण उतारावर तीच ट्रॉली मागून ढकलीत येते, आणि तिथे गाडीला धरून ठेवायचे काम ब्रेकचे आहे.

तरीही बदलायचे ठरले, तर इंजिन विकत घेण्याआधी फूटपट्टी हातात घ्यावी. पंख्यापासून रेडिएटरपर्यंत किती बोटे जागा राहील, ऑइलचे भांडे पुढच्या आसाला घासेल का, फाउंडेशनचे रबर कुठे येतील, नव्या इंजिनाचे वजन जुन्यापेक्षा किती जास्त, क्लचप्लेट तेवढा जोर सोसेल का, गिअरपेटीचा दांडा नव्या फ्लायव्हीलमध्ये बसतो की मध्ये खास पट्टी करून घ्यावी लागते. यातली प्रत्येक वस्तू थोडे थोडे पैसे खाते, आणि इंजिनाच्या किमतीला भुलून काम काढणारा माणूस अखेरीस दीडपट-दुप्पट खर्चात पडतो. त्याच कंपनीचे, त्याच गाडीचे इंजिन मिळत असेल तर यातला बराचसा त्रास मुळातच टळतो. थोडी घोडाशक्ती कमी मिळाली तरी मी तोच मार्ग घेईन.

आणि कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम याच विषयाचे आहे. नोंदणीपुस्तकात जे लिहिले आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर नोंदणी-अधिकाऱ्याची संमती लागते आणि बदल पुस्तकात नोंदवावा लागतो. इंधनाची जात बदलायची असेल तर त्याच्या अटी आणखी वेगळ्या आहेत. पुस्तकावर एक इंजिन-नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असला, की अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. म्हणून जुने इंजिन साखळीने वर उचलण्याआधी त्याचा नंबर पाहून लिहून ठेवावा, नवे ज्याच्याकडून घेतो त्याची पक्की पावती नंबरासह मागावी, आणि जुन्या बाजारातले इंजिन असेल तर ते कोणत्या गाडीतून निघाले याचाही कागद घ्यावा. तो कागद द्यायला विकणारा कां-कूं करू लागला, तर इंजिन कितीही गोड आवाजाने चालत असले तरी तिथून निघावे.